‘सर मीटिंगमध्ये आहेत’ : कॉलेजच्या मेलवरून होणारी फसवणूक

शाईपेन

नमस्कार मंडळी.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात मी वरिष्ठ लिपिक आहे. एकवीस वर्षं झाली. हा धागा काढावा की नाही यात चार दिवस गेले, कारण प्रकार आमच्याच कॉलेजात घडला. पण ज्यांच्या बाबतीत घडला त्या मॅडमच म्हणाल्या, ‘माझं नाव सोडून सगळं लिहा.’ म्हणून लिहितोय.

मॅडम तासिका तत्त्वावर (सीएचबी), म्हणजे तासांप्रमाणे मानधनावर शिकवतात. हे मानधन किती महिने अडकतं हे इथल्या प्राध्यापक मंडळींना सांगायला नको. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची पीअर टीम तपासणीला यायची होती त्या आठवड्यात आम्ही सगळेच फायलींत बुडालेलो. सकाळी अकराच्या सुमारास मॅडमच्या मोबाईलवर मेल आला. पाठवणाऱ्याच्या जागी आमच्या प्राचार्यांचं पूर्ण नाव, अगदी ‘डॉ.’ आणि मधलं आद्याक्षर धरून. मजकूर एका ओळीचा: ‘आर यू अ‍ॅव्हेलेबल?’

मॅडमनी लगेच ‘येस सर’ लिहिलं. पुढचा मेल पाच मिनिटांत. मी मीटिंगमध्ये आहे, फोन घेता येणार नाही, मेलवरच बोला. पाहुण्यांना भेट द्यायची आहे, पाच हजारांची चार गिफ्ट कार्डं ऑनलाइन घ्या आणि त्यांचे कोड मला इथेच पाठवा. संध्याकाळी तुमचे पैसे देतो. आणि हे सध्या कोणाला सांगू नका, सरप्राइज आहे.

‘पाहुणे’ म्हणजे पीअर टीम, असं मॅडमनी आपसूक धरून चाललं. वीस हजारांची कार्डं घेतली, कोड पाठवले. मग ‘आणखी चार लागतील’ असा मेल आला. खात्यात तेवढे पैसे नव्हते, म्हणून त्या माझ्या टेबलापाशी आल्या आणि हळू आवाजात हातउसने मागितले. ‘सरांचंच काम आहे, संध्याकाळी मिळतील,’ म्हणाल्या. सर तेव्हा दहा पावलांवर आपल्या केबिनमध्ये बसून सातव्या निकषाच्या फायलीवर सह्या करत होते. दार उघडं होतं.

मी त्यांचा मोबाईल हातात घेतला आणि सरांच्या नावावर बोट ठेवलं. नावाखाली पत्ता उघडला. इंग्रजीत ‘ऑफिस’, ‘प्रिन्सिपल’, मग चार आकडे आणि पुढे जीमेल. मॅडम काही बोलल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिल्या.

नंतर मी विचारलं, एकदा केबिनमध्ये डोकावून का नाही बघितलंत? त्यांचं उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. ‘सरांना परत कसं विचारायचं? माझा विश्वास नाही असं वाटलं असतं. पुढच्या वर्षीची ऑर्डर सरांच्याच सहीने निघते.’

माझं म्हणणं इथेच आहे. त्या भामट्याला आमचं कॉम्प्युटर फोडावं लागलं नाही, पासवर्ड चोरावा लागला नाही. वरिष्ठांना उलट विचारायचं नाही ही आपल्या कॉलेजांतली रीत त्याला पक्की ठाऊक होती. ‘मी मीटिंगमध्ये आहे’ या तीन शब्दांत त्याने फोनही बंद केला आणि केबिनचं दारही.

बाकीची माहिती आमच्याच वेबसाइटवर आहे. प्राचार्यांचं नाव, फोटो, सगळ्या शिक्षकांची यादी, पदं, मेल, मोबाईल. नॅकसाठी, एआयसीटीईच्या मँडेटरी डिस्क्लोजरसाठी (तंत्रशिक्षण परिषदेने सक्तीने जाहीर करायला लावलेली माहिती) हे सगळं टाकावंच लागतं. पीअर टीमच्या तारखांची सूचनाही मीच अपलोड केली होती.

तुमच्या कॉलेजात, होस्टेलात, विद्यापीठात असं काही झालं असेल तर जमेल तेवढं तपशिलात लिहा. मला ते छापून स्टाफरूमच्या फळ्यावर लावायचं आहे.

---

गोदातीर

मॅडमना सांगा, त्या एकट्या नाहीत. आमच्याकडे हेच व्हॉट्सअ‍ॅपवर झालं, विभागप्रमुखांचा डीपी लावून. तीन जण फसले आणि तिघांनाही महिनाभर एकमेकांचं माहीत नव्हतं. पहिला बोलला असता तर उरलेले दोघे वाचले असते.

---

सर्व्हररूम

मी एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात मेलचं काम बघतो. शाईपेन यांनी नावावर बोट ठेवून पत्ता उघडला, ती सवय सगळ्यांना लागली तर माझं निम्मं काम हलकं होईल.

मेलमध्ये दिसणारं नाव पाठवणाऱ्याने स्वतः टाईप केलेलं असतं. मी माझ्या जीमेलला ‘कुलगुरू’ नाव दिलं तर समोरच्याला कुलगुरूच दिसणार. कॉम्प्युटरवर नावाशेजारी पत्ता तरी दिसतो, मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये बहुतेक वेळा नुसतं नाव. म्हणून हे मेल कामाच्या गर्दीत, माणूस चालता चालता फोन बघतो तेव्हा लागू पडतात.

लोक विचारतात, तुमचं फिल्टर झोपलं होतं का? एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तपासण्या असतात आणि आमच्याकडे त्या चालू आहेत. पण त्या तपासतात काय, तर मेल ज्या डोमेनचं (पत्त्यातला @ नंतरचा भाग) नाव सांगतो तिथूनच तो खरोखर निघाला का. हा मेल खराखुरा जीमेलवरूनच निघालेला असतो. तपासणीत पास होणारच. त्यात व्हायरस नाही, लिंक नाही, एका ओळीचा साधा प्रश्न. यंत्राने अडवायचं कशावरून?

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. एसी डॉट इन आणि एडीयू डॉट इन ही नावं अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था फक्त शैक्षणिक संस्थांना देते, कागदपत्रं तपासून. तरी कित्येक कॉलेजांचा अधिकृत पत्ता अजून जीमेलवरच आहे. परिपत्रकं तिथून, परीक्षेची पत्रं तिथून. मग खरा जीमेल कुठला आणि खोटा कुठला, हे तासिका तत्त्वावरच्या मॅडमनी ओळखायचं तरी कसं? आधी संस्थेने स्वतःचा पत्ता सुधारावा.

याहून अवघड प्रकार म्हणजे आतलंच खातं हातात जाणं. ‘मेलबॉक्स भरला आहे, चोवीस तासांत पडताळणी करा’ असा मेल येतो, विद्यार्थी लिंक उघडतो, हुबेहूब लॉगिनचं पान दिसतं, पासवर्ड जातो. मग त्या विद्यार्थ्याच्या खऱ्या पत्त्यावरून शेकडो जणांना मेल सुटतात, आणि आतून आलाय म्हणून लोक विश्वास ठेवतात. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांचं असं एक प्रकरण जाहीर केलं. तीन विद्यापीठांतली अकरा खाती हाती लागली आणि तेवढ्यावरून पंचवीस विद्यापीठांतल्या जवळपास सहा हजार पत्त्यांवर मेल गेले. हेतू कर्मचाऱ्यांचा पगार वळवण्याचा. पगाराच्या प्रणालीत शिरून बँक खातं बदलायचं, आणि ‘तुमचं खातं बदललं’ अशी सूचना मेलवर आली की ती आपोआप पुसली जावी म्हणून मेलबॉक्समध्ये आधीच एक नियम लावून ठेवायचा. माणसाला पगार आला नाही म्हणजे कळणार.

म्हणून कुणाचं खातं गेलं की मी पासवर्ड बदलून थांबत नाही. सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर आणि फॉरवर्डिंग बघतो. गेल्या वर्षी एका विभागाच्या खात्यात असा नियम सापडला: ‘इन्व्हॉइस’ शब्द असलेला प्रत्येक मेल परस्पर बाहेरच्या पत्त्यावर. पासवर्ड बदलून तीन आठवडे झाले होते, नियम तसाच चालू होता.

---

पिंपळपान

माफ करा, पण एमए, पीएचडी झालेली माणसं असल्या मेलला बळी पडतात हे मला पटत नाही. आमचे आजोबा चौथी शिकलेले, पण अनोळखी माणसाला दोन रुपये दिले नसते.

---

शाईपेन

पिंपळपान, आजोबांनी अनोळखी माणसाला दिले नसते हे अगदी खरं. पण गावच्या पाटलांचा निरोप म्हणून कोणी आलं असतं तर? मॅडमनी अनोळखी माणसाला पैसे दिलेले नाहीत. त्यांनी त्यांच्या प्राचार्यांना दिले, असं त्यांना वाटत होतं. आणि ‘शिकलेली असून फसली’ हेच ऐकावं लागेल म्हणून त्यांनी घरी पाच दिवस सांगितलं नाही. त्या पाच दिवसांत जे हाती लागू शकलं असतं त्यातलं बरंचसं गेलं. तुम्ही वाईट हेतूने लिहिलं नाहीत हे कळतं, पण हे वाक्य आणखी कुणाला गप्प बसवेल.

---

मोरपंख

पिंपळपान यांच्यासाठी एक जुनं उदाहरण. कॅनडात एडमंटनला मॅकइवन विद्यापीठ आहे. २०१७ मध्ये त्यांच्या लेखा विभागाला बांधकाम कंत्राटदाराच्या नावाने मेल आले: आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढची बिलं नव्या खात्यात जमा करा. कर्मचाऱ्यांनी खातं बदललं आणि तीन हप्त्यांत मिळून १ कोटी १८ लाख कॅनेडियन डॉलर भलतीकडे गेले. खऱ्या कंत्राटदाराने ‘आमचे पैसे कुठे?’ विचारलं तेव्हा उलगडा झाला. बरीचशी रक्कम नंतर परत मिळाली. कळल्यावर त्यांनी ते लपवलं नाही. तिथेही कंत्राटदाराच्या जुन्या नंबरवर एक फोन कोणी केला नव्हता, एवढीच चूक. त्या विभागात अडाणी कोणी नसणार.

---

पिंपळपान

मान्य. शब्द मागे घेतो. मॅडमना माझ्याकडून क्षमस्व कळवा.

---

अबोली

मी टेक्सासमध्ये एमएस करते, मूळची सोलापूरची. इकडे पहिल्या सेमिस्टरला आलेल्या मुलांना लक्ष्य करून दोन प्रकार चालतात. ऑगस्टमध्ये ज्यांची मुलं निघणार आहेत त्यांनी हे जरूर वाचून दाखवा.

पहिला प्रकार नोकरीचा. कॉलेजच्या मेलवर प्रोफेसरच्या नावाने येतं: रिसर्च असिस्टंट हवा, घरून काम, आठवड्याला साडेतीनशे डॉलर. माझ्या रूममेटने होकार कळवला. पोस्टाने चेक आला, दोन हजारांच्या वरचा. ‘हा खात्यात भर, तुझा पगार ठेव, उरलेल्या पैशांतून कामाचं सामान घ्यायला या माणसाला पाठव.’ तिने चेक भरला, दोन दिवसांत खात्यात पैसे दिसले, तिने पाठवले. दोन आठवड्यांनी चेक खोटा निघाला आणि बँकेने पूर्ण रक्कम तिच्या खात्यातून वळती केली.

आपल्या मुलांना इथेच चकवा बसतो. अमेरिकेत चेक भरला की ठरावीक दिवसांत बँकेला पैसे वापरायला द्यावेच लागतात. ‘खात्यात पैसे दिसले’ याचा अर्थ ‘चेक वटला’ असा होत नाही, तो खोटा असल्याचं नंतर कधीही कळू शकतं. एफबीआयने जानेवारी २०१७ मध्येच कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी याच प्रकाराची सूचना काढली होती. तोच डाव आजही चालतो, कारण दर वर्षी नवी मुलं येतात.

रूममेटने तक्रार केली नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवरच, तेही आठवड्याला वीस तासच काम करता येतं. बाहेरचं काम परवानगीशिवाय घेतलं असा अर्थ लागला तर? या भीतीने ती गप्प बसली, आणि ही भीती त्या लोकांच्या पथ्यावर पडते. शेवटी मीच तिला इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसात घेऊन गेले. तिथल्या बाई अजिबात ओरडल्या नाहीत. ड्रॉवरमधून छापील फॉर्म काढला, इतका सरावाचा की बघूनच कळलं, आमच्या आधी पुष्कळ जण त्या खुर्चीवर बसून गेलेत.

दुसरा प्रकार फीचा, आणि तो जास्त पसरतो कारण आपलीच मुलं आपल्या मुलांना सांगतात. ‘एक जण दहा टक्के सवलतीत ट्युशन फी भरून देतो.’ तो खरंच भरतो, पोर्टलवर फी जमा झालेली दिसते, मग मुलगा नव्वद टक्के रक्कम त्याला देतो. भरणा झालेला असतो चोरलेल्या कार्डावरून. कार्डाचा मालक बँकेकडे तक्रार करतो, भरणा रद्द होतो, फी पुन्हा थकीत. वडिलांनी सोलापुरात जमीन गहाण ठेवून उभे केलेले पैसे गेले, आणि चोरीच्या कार्डाचा व्यवहार मुलाच्या नावावर. विद्यापीठाची फी विद्यापीठाच्या पानावरूनच, स्वतः भरायची. यात सवलत नसते.

---

रेवाकाठ

छोटीशी भर. मुलीला ‘शिष्यवृत्ती मंजूर, ४९९ रुपये प्रोसेसिंग फी भरा’ असा मेल आला, वर महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा लोगो. महाडीबीटी काय किंवा नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल काय, तिथे अर्जाला फी नसते. शिष्यवृत्ती आधार जोडलेल्या खात्यात थेट येते. पैसे देणारं सरकार आधी पैसे मागत नाही, एवढं मुलीने आपणहून ओळखलं. पण तिच्या वर्गातल्या दोघींनी भरले.

---

पैठणकर_निवृत्त

मी चौतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. प्राध्यापकांना होणारी फसवणूक जरा निराळी, आणि तिच्याविषयी आमचे लोक बोलत नाहीत, कारण त्यात प्रमोशनचा प्रश्न असतो.

‘आपला विद्वत्तापूर्ण लेख वाचून आम्ही प्रभावित झालो’ असा मेल. चार दिवसांत पीअर रिव्ह्यू (तज्ज्ञांकडून लेखाची तपासणी), आठवड्यात प्रकाशन, शुल्क तीन-चार हजार. अशीच नियतकालिकं काढणाऱ्या हैदराबादच्या ओमिक्स समूहाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दावा लावला आणि २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निकाल दिला. फसव्या नियतकालिकांची बाजारपेठ केवढी असेल याचा अंदाज त्यावरून यावा.

त्याहून घातक म्हणजे क्लोन. जुनं, नामांकित, छापील निघणारं नियतकालिक हेरायचं, ज्याची स्वतःची वेबसाइट नाही किंवा अगदी जुनाट आहे. त्याच नावाची, त्याच आयएसएसएन (नियतकालिकाची ओळख पटवणाऱ्या) क्रमांकाची नवी वेबसाइट काढायची आणि प्राध्यापकांना मेल टाकायचे. यूजीसी-केअर या मान्य नियतकालिकांच्या यादीत २०१९ पासून नावं यायला लागली तसे हे क्लोन वाढले. लोक यादीत नाव बघायचे, ते असायचं, पैसे भरायचे. माझ्या एका विद्यार्थ्याचे दोन लेख असे गेले. मूळ संपादकांना पत्र लिहिलं, तर त्यांनी पोस्टकार्डाने कळवलं की आम्ही मेलवर लेख स्वीकारतच नाही. ते पोस्टकार्ड त्याने छाननी समितीपुढे ठेवलं. लेख बाद झाले, पण खोटेपणाचा आळ तरी टळला. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादीच बंद केली. आता पारख संस्थेची आणि आपली.

आणखी एक. ग्रंथालयाच्या नावाने मेल येतो, ‘आपलं लॉगिन संपत आहे, नूतनीकरण करा.’ याला कोणी महत्त्व देत नाही. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने नऊ इराणी व्यक्तींवर आरोपपत्र ठेवलं त्यात हाच प्रकार होता. एक लाखाहून अधिक प्राध्यापकांची खाती लक्ष्य केली, सुमारे आठ हजार हाती लागली. अमेरिकेतली १४४ आणि बाहेरच्या २१ देशांतली १७६ विद्यापीठं. चोरलं काय, तर संशोधन. आपल्या लॉगिनला काय किंमत, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं.

---

खिडकी_क्र_३

राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. पैसे गेल्याचं कळलं की लोक पहिल्यांदा नवऱ्याला, भावाला, मग मित्राला फोन करतात. पहिला फोन १९३० ला करा. हा गृह मंत्रालयाचा सायबर हेल्पलाइन क्रमांक आहे. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही नोंदवता येते. समोरच्याच्या खात्यात पैसे आहेत तोवरच ते रोखता येतात आणि तिथून ते फार वेगाने पुढे सरकतात. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. यूपीआयचा असेल तर बारा आकडी असतो, अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर टिचकी मारली की दिसतो.

गिफ्ट कार्डाचं जरा वेगळं. तिथे पैसे खात्यात जात नाहीत, म्हणून बँकेला रोखायला काही उरत नाही. ज्या कंपनीचं कार्ड आहे तिला लगेच कळवून न वापरलेले कोड बंद करायला सांगायचं. तिथे मिनिटांचा हिशेब असतो. म्हणूनच भामटे गिफ्ट कार्ड मागतात.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लोक दाखवतात, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं की पैसे परत. ते आपण न केलेल्या, परस्पर झालेल्या व्यवहारांसाठी आहे. स्वतः पिन टाकून पाठवले असतील तर त्याचा आधार फारसा मिळत नाही. हे कटू आहे, पण काउंटरवर ऐकण्यापेक्षा इथे वाचलेलं बरं.

आता मुलांसाठी. ‘पेमेंट प्रोसेसिंग एजंट हवेत, घरबसल्या काम, तुमच्या खात्यात पैसे येतील, दोन टक्के ठेवून पुढे पाठवा.’ हा मेल आला तर ती नोकरी नाही. दुसऱ्या कुणाचे, म्हणजे शाईपेन यांच्या मॅडमसारख्यांचे चोरलेले पैसे तुमच्या खात्यातून फिरवायचे आहेत. गेल्या पावसाळ्यात एकोणीस वर्षांचा मुलगा आईला घेऊन खिडकीवर आला. खातं गोठवलेलं, परराज्यातल्या पोलिसांचं पत्र. एटीएम कार्ड आणि सिम त्याने होस्टेलमधल्या मित्राच्या मित्राला दिलं होतं, महिना चार हजारांवर. आई पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, ‘पण साहेब, त्याने चोरी कुठे केली?’ माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६डी कलमात तोतयेगिरी करून फसवल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मुलाचा त्यात सहभाग किती हे पोलीस ठरवतील, पण तोवर त्याचं खातं बंद, आणि शिष्यवृत्तीही त्याच खात्यात यायची होती.

---

शाईपेन

सगळ्यांचे मनापासून आभार. सर्व्हररूम आणि खिडकी क्र. ३ यांचे प्रतिसाद मोठ्या अक्षरात छापून स्टाफरूममध्ये लावलेत, अबोलीताईंचा ग्रंथालयाच्या दाराशी.

काय काय झालं ते कळवतो. मॅडमनी पोर्टलवर तक्रार नोंदवली. वीस हजारांपैकी एक कोड वापरलेला नव्हता, तो कंपनीने बंद करून पाच हजार परत दिले. बाकीचे गेले. वेबसाइटवरून शिक्षकांचे मोबाईल काढले. मेलचे पत्ते नियमामुळे ठेवावे लागले. एसी डॉट इन साठी अर्ज केला आहे.

हा धागा मी सरांना वाचून दाखवला. मॅडमचं ‘परत कसं विचारायचं’ हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने सूचना लिहून दिली. टाईप करू का विचारलं तर म्हणाले, नको, अक्षर माझंच दिसू दे. ‘माझ्या नावाने पैसे, कार्ड, कोड किंवा पासवर्ड मागणारा निरोप आल्यास मला प्रत्यक्ष विचारावे. मी बैठकीत असलो तरी आत यावे. मला राग येणार नाही.’

काल नियामक मंडळाची बैठक चालू होती. आमचे शिपाई मामा हातात मोबाईल घेऊन दार लोटून सरळ आत गेले. कँटीनच्या बिलाचे अठराशे रुपये देऊन टाका, असा सरांच्या नावाने मेसेज आला होता. संस्थेचे अध्यक्ष बोलता बोलता थांबले. मामांनी विचारलं, ‘सर, हे तुम्हीच पाठवलंय का?’

सरांनी मोबाईल हातात घेऊन वाचला. ‘हो मामा, मीच,’ म्हणाले. ‘बरं केलंत विचारलंत.’ मामा बाहेर आले आणि कँटीनकडे गेले.